मोडून पाहणाऱ्या इंगोले मॅडम

आमच्या स्टाफरूमच्या खिडकीत कुणी मनीप्लांट ठेवला होता, कुणी छोटा गणपती. इंगोले मॅडमनी तिथं मोडक्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. पिळवटलेला एक्सल, दात पडलेलं गिअर, मधोमध चिरलेला एक भलामोठा बोल्ट. रोज सकाळी आल्यावर जुन्या बनियनच्या तुकड्यानं त्या एकेक वस्तू पुसायच्या आणि मगच हजेरीपटावर सही करायच्या. एकदा आमचा शिपाई सटवाजी भंगार समजून ते सगळं पोत्यात भरायला लागला, तर मॅडम धावत आल्या. म्हणाल्या, "ठेवा ठेवा! एकेक मोडायला लई मेहनत लागलीय."

हिंगोलीहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं तंत्रनिकेतन. मी तिथं गणित शिकवायचो, मॅडम मेकॅनिकलला होत्या आणि आमची टेबलं शेजारी होती. त्यांचं नाव कावेरी इंगोले. माहेर डोंगरकड्याचं, घरची शेती. लहानपणी त्यांनी वडिलांचं पाण्याचं इंजिन खोललं आणि ते पुन्हा जुळवता आलं नाही. जुळवायला शिकावं म्हणून डिप्लोमाला गेले, असं त्या सांगायच्या. "शिकून आले तवर बाबानं नवं घेतलं व्हतं," हे वाक्य त्या दर वेळी तितक्याच हळहळीनं जोडायच्या.

साडीवर खाकी कोट आणि पायात पुरुषांचे लेसचे बूट, असा त्यांचा वेश. वर्कशॉपमध्ये शिरायच्या आधी त्या हातातल्या बांगड्या उतरवून जवळ असेल त्याच्याकडे द्यायच्या. बहुतेक वेळा जवळ मीच असायचो. "सर, धरा," म्हणत त्या आत जायच्या आणि तास-तासभर बाहेर यायच्या नाहीत. मग मी त्या बांगड्या शर्टाच्या खिशात घालून तासाला जायचो. फळ्यावर लिहायला हात वर केला की खिशातून किणकिणायचं. पोरांना ते पाठ झालं होतं. इंटिग्रेशनच्या मधेच कुणीतरी मागून म्हणायचं, "मॅडम वर्कशॉपला गेल्या वाटतं."

दिसेल त्यावर बोटाची पेरं वाजवून बघायची त्यांना सवय होती. पाण्याची टाकी, दाराची चौकट, बाजारातलं टरबूज. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या नव्याकोऱ्या गाडीचं दारही त्यांनी वाजवलं आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पत्रा हलका हाय." प्राचार्यांशी बोलताना त्यांचं मराठी पुस्तकी असायचं. पोरांशी मात्र त्या डोंगरकड्याचंच बोलायच्या. "काहून रे, फाइल अशी धरून राहिला? कोथिंबीर चिरतो का?" अशी सुरुवात असायची, आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "इथं मोडलं तर बरं." त्यावर सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "तिथं मोडलं तर खरं!" तिथं म्हणजे बाहेर, रस्त्यावर, कुणाच्या तरी जिवावर.

त्या वर्षी मेकॅनिकलचे प्रवेश फारच घटले होते. सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे होतं. पुढच्या वर्षी ही शाखा राहते की जाते, अशी कुजबुज सुरू झाली. आमचे प्राचार्य सोनटक्के सर चिंतेत होते. त्यांनी बैठक घेतली, तेव्हा कुणी म्हणालं पत्रकं वाटा, कुणी म्हणालं रिक्षा फिरवा. इंगोले मॅडम म्हणाल्या, "सर, आपण गाडी बांधू. शर्यतीची."

त्यांनी समजावून सांगितलं. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक शर्यत असते. मुलांनी स्वतः एका माणसाची गाडी बांधायची आणि खड्डे, दगड, चिखल, चढ-उतार अशा मैदानावर सलग चार तास पळवायची. वेगाला फारसं महत्त्व नाही. शेवटपर्यंत जी गाडी अंगानं शाबूत राहील तीच पुढं. "दमाची शर्यत असते, सर. धावण्याची न्हाई," मॅडम म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचं पुस्तकी मराठी सुटलं होतं, यावरून त्या किती मनापासून बोलत होत्या ते कळलं.

सोनटक्के सरांना पेपरातला फोटो दिसायला लागला. परवानगी मिळाली, पण एका अटीवर: शर्यत झाली की गाडी रंगवून, छत्री घालून गेटपाशी उभी करायची, खाली प्राचार्यांच्या नावाची पाटी. मॅडम म्हणाल्या, "बघू." त्या प्राचार्यांना कधी नाही म्हणत नसत. त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते प्राचार्य सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दहा-बारा पोरापोरींची टोळी जमली. त्यातली दोघं मुख्य. वसमतची अश्विनी चव्हाण, जिचा वेल्डिंगचा हात असा की जोड बघून कुणी विचारावं, हे मशीननं केलंय का. जीभही तशीच धारदार. आणि नरसीचा माउली कदम, गाडी चालवणारा. अंगानं काटकुळा म्हणूनच त्याला निवडलेला, कारण एक एक किलो वजन वाचवायचं होतं. मॅडम रोज त्याच्या डब्यात डोकावून म्हणायच्या, "पुरे आता. शर्यत झाल्यावर जेव."

पाइपांचा पिंजरा तयार झाला, मागं इंजिन बसलं, चाकं लागली, आणि गाडी टेम्पोत घालून डोंगरकड्याच्या माळावर गेली. बांगड्या धरायला मीही सोबत जायचो. तो माळ मॅडमच्या भावाच्या शेताला लागून. दगडगोटे, नांगरलेली ढेकळं, मधून जाणारा कोरडा नाला. हवं ते सगळं. अडचण एकच होती. त्या माळावर गयाबाईची मेंढरं चरायची.

गयाबाई हटकराची म्हातारी, काठीला हनुवटी टेकून तासन्‌तास उभी राहणारी. पहिल्या दिवशी तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मॅडमना विचारलं, "बाई, ह्याच्यात पोतं ठिवायला जागा न्हाई."

"न्हाई."

"दुसरं माणूस बसत न्हाई."

"न्हाई बसत."

"पेरणीच्या कामाला येतं का?"

"न्हाई ओ मावशी."

"मंग ह्याचं करता काय तुमी?"

"मोडतो," मॅडम म्हणाल्या.

गयाबाईनं आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. शिकल्या-सवरल्या माणसांची तिला कीव आली असावी. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसाठी ताक आणलं.

आणि खरोखर मॅडम मोडायलाच आल्या होत्या. सीटमागं वाळूची पोती बांधून त्या गाडी नाल्यात घालायला लावायच्या. चाक निखळलं की टाळ्या वाजवायच्या. शॉकअप वाकला तर वाकलेला तुकडा उन्हात धरून असा न्याहाळायच्या, जसं कुणी सोयरिकीच्या पोराचा फोटो बघावा. पोरं पहिल्यांदा रडकुंडीला आली. मग त्यांनाही चटक लागली. संध्याकाळी परतताना टेम्पोत हिशेब चालायचा तो काय चाललं याचा नव्हे, काय तुटलं याचा. ज्या दिवशी काहीच तुटलं नाही, त्या दिवशी सगळे उदास.

एक नियम मात्र कडक होता. गाडीत काहीही नवं बदललं की पहिली फेरी मॅडमची. त्या दिवशी त्या भावाची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायच्या, अंबाडा सोडून वेणी घालायच्या आणि हेल्मेट चढवून पट्टे आवळून बसायच्या. माउली कुरकुरायचा, "मॅडम, चालवणार मी हाय ना?" तर म्हणायच्या, "तू माझ्यानंतर."

अशाच एका दिवशी, पुढच्या चाकांची जोडणी बदलली होती तेव्हा, गाडी ढेकळांवरून उसळली, एका चाकावर क्षणभर रेंगाळली आणि सरळ उलटली. धुरळा उडाला. मी बांगड्या मुठीत घट्ट धरून पळालो. माझ्यापुढं पोरं, पोरांपुढं गयाबाई, तिच्यामागं तिची मेंढरं. "माय माय, बाई उलटी टांगली!" ती ओरडत होती, आणि ते खरंच होतं. मॅडम पट्ट्यांमध्ये वटवाघळासारख्या लोंबकळत होत्या, वेणी जमिनीला टेकलेली.

"मॅडम, लागलं का?" अश्विनीचा आवाज फाटला होता.

"माझं राहू दे. आधी बघ काय मोडलं."

पोरांनी पिंजरा हातानं चाचपला, जोड तपासले. माउली म्हणाला, "मॅडम, कायीच न्हाई मोडलं."

वरून, म्हणजे खालून, निराश आवाज आला, "मंग मी उगंच उलटले व्हय?"

सगळे इतके हसले की गाडी सरळ करायला कुणाच्या हातात जोर राहिला नाही. गयाबाईच ओरडली तेव्हा कुठं त्यांना सोडवलं. बाहेर आल्यावर मॅडम दगडावर बसून पाणी प्यायल्या. बांगड्या परत घेताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "सर, दुसऱ्याचं लेकरू बसवायचं हाय त्याच्यात." आणि उठून पुन्हा गाडीकडे गेल्या.

शर्यतीला मीही गेलो. सोबत आणखी एक शिक्षक हवा असा नियम होता, आणि गणिताचा माणूस कुठंही चालतो अशी मॅडमची समजूत होती. पुण्याकडचं एक मोठं मैदान होतं. कुठल्या कुठल्या मोठमोठ्या कॉलेजांच्या गाड्या, त्यांच्या पोरांचे एकसारखे टीशर्ट, त्यांचे चकचकीत तंबू. आमच्या पोरांनी हळदीच्या पोत्यांची ताडपत्री बांधून सावली केली होती, आणि तिच्याखाली उभं राहिलं की वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात आल्यासारखं वाटायचं.

शर्यत सुरू झाली आणि तासाभरातच चकचकीत गाड्या एकेक करून बसायला लागल्या. कुणाचं चाक गेलं, कुणाच्या इंजिनाचा पट्टा तुटला. आमची गाडी मात्र ढेकळांवर लहानाची मोठी झालेली. तिला ते मैदान म्हणजे घरचं अंगण वाटत असावं. दोन तास झाले, अडीच झाले, माउली येत होता आणि जात होता. फलकावर आमच्यापुढं मोजक्याच गाड्या उरल्या होत्या. पोरं नाचत होती. सोनटक्के सरांचे सारखे फोन येत होते आणि मी त्यांना धावतं वर्णन ऐकवत होतो.

मॅडम कुंपणाजवळ डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारचे लोक समजले, बाईंना झोप लागली. त्या ऐकत होत्या. शेवटचा तास लागला होता, तेवढ्यात गाडी समोरून गेली आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. "माउलीला आत घ्या."

गाडी आत आली. पोरांनी वाकून, झोपून, सगळीकडून बघितलं. काही दिसेना. माउली आतूनच म्हणाला, "मॅडम, मला तर कायी जाणवत न्हाई. मस्त चालून राहिली."

"आवाज बदललाय. सीटमागचा जोड असावा."

तो जोड इंजिनाआड होता. बघायचा तर इंजिन उतरवायला हवं, आणि तेवढा वेळ कुठला? अश्विनी सरळ मॅडमसमोर येऊन उभी राहिली. "तो जोड माझा हाय, मॅडम."

"म्हाईत हाय मला."

"मंग?"

"गाडी बंद कर."

दुसऱ्या गाड्या समोरून घोंघावत जात होत्या. माउली हेल्मेटही न काढता तसाच पट्टे बांधून आत बसून राहिला. शर्यत संपल्याचा भोंगा वाजला, लोकांनी जल्लोष केला, तेव्हा कुठं तो खाली उतरला. त्यानं मॅडमकडे बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. येताना वाटेत चहाला थांबलो तर पोरं वेगळ्या टेबलावर जाऊन बसली. मॅडमनी आमच्यासाठी मिसळ मागवली आणि ती तशीच ठेवून उठल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ताटात टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सोनटक्के सर मात्र सावरले होते. म्हणाले, "असू द्या. छान रंग देऊ आणि गेटवर उभी करू. गाडी मधेच थांबली हे काही गाडीवर लिहिलेलं नसतं." मॅडम म्हणाल्या, "बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना वर्कशॉपमध्ये बोलावलं, माझ्या हातात बांगड्या दिल्या आणि कटर चालू केला. आवाज ऐकून सोनटक्के सर धापा टाकत आले.

"मॅडम, थांबा! तुम्ही 'बघू' म्हणाला होतात ना?"

"व्हय सर. बघायलाच कापून राहिले."

ठिणग्या उडाल्या. सीटमागचा जोड पाइपांसकट बाहेर आला. मॅडमनी तो घासून स्वच्छ केला, त्यावर लाल औषध लावलं, पुसलं, मग पांढरी फवारणी केली. धातूला केसाएवढी जरी चीर असेल, तरी त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सगळे त्या तुकड्याभोवती गोळा झाले. सोनटक्के सरसुद्धा चष्मा पुढं ओढून वाकले.

आम्ही बराच वेळ वाट बघितली. पांढरं पांढरंच राहिलं.

मॅडमनी तुकडा उचलून उजेडात धरला. चारी बाजूंनी फिरवून बघितला. मग तो अश्विनीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "एक चीर न्हाई. तुझा जोड पक्का व्हता. मी चुकले." आवाज कशाचा आला तेही त्याच दुपारी कळलं. इंजिनाखालच्या पत्र्याचा एक नट सैल झाला होता. तो पत्रा गळून पडला असता, तरी गाडी सुखरूप शेवटपर्यंत गेली असती.

अश्विनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मॅडम, आपण पुरी केली असती."

"व्हय. केली असती."

"आन् पुन्हा असाच आवाज आला तर?"

"तर पुन्हा थांबवीन."

"चुकीचं असलं तरी?"

मॅडम जवळच्या लोखंडी स्टुलावर बसल्या. त्या पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "नरसीला गेले व्हते मी, माउलीच्या घरी. त्याच्या मायला सांगून आले, लेकरू जसं नेऊन राहिले तसं आणून देते. शर्यत पुरी करते असं न्हाई सांगितलं. तू राग धर, पोरी. तुझा हक्कच हाय. पण मी थांबवीन."

माउली भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, मायनं तुमाला रविवारी जेवायला बोलवलंय. शर्यत झाली म्हणलं आता जेवाय हरकत न्हाई." आधी अश्विनीच हसली, रडता रडता. मग सगळेच.

त्या गाडीचं पुढं असं झालं. मागच्या भागाचे तुकडे करून मॅडमनी ते वर्गात शिकवायला ठेवले. इंजिन पुढच्या गाडीत गेलं. तो जोड अश्विनीनं परत दिलाच नाही. तिच्या घरी टीव्हीशेजारी ठेवलाय म्हणतात. पुढचा अर्धा भाग, सीट आणि स्टिअरिंगसकट, सोनटक्के सरांनी हट्टानं गेटपाशी बसवला. छत्री घातली, पाटी लावली. प्रवेशाच्या दिवसांत आईबापांबरोबर आलेली पोरं त्यात बसून फोटो काढायची आणि बाहेर येताना विचारायची, ही कापली कशाला? तेच सांगायला मॅडम तिथं उभ्या असायच्या. सांगता सांगता त्यांना थेट वर्कशॉपमध्ये घेऊन जायच्या. त्या वर्षी मेकॅनिकलच्या जागा बऱ्यापैकी भरल्या. शाखा राहिली. गयाबाई एकदा हिंगोलीच्या दवाखान्यात आली होती, ती मुद्दाम गेटपाशी उतरली. अर्धी गाडी बघून म्हणाली, "झालं ना समाधान? मोडली ना येकदाची?"

पुढच्या गाडीनं शर्यत पुरी केली. नंबर सांगण्यासारखा नव्हता. पण माउली फिनिश लाइनवर आला तेव्हा मॅडम आणि अश्विनी इतक्या ओरडल्या की पहिल्या आलेल्या कॉलेजचे लोक वळून बघायला लागले.

मी निवृत्त होऊन आता नांदेडला असतो. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी वसमतला गेलो होतो. परतताना स्टँडवर हिंगोलीच्या गाडीपाशी गर्दी दिसली आणि गर्दीच्या मधोमध खाकी कोट. मॅडमच्या खांद्यावर एक जाडजूड टायर होता आणि कंडक्टर दार अडवून उभा होता.

"बाई, ह्याला तिकीट लागंल."

"काहून? बायांना अर्धं तिकीट हाय ना?"

"तुमाला हाय. टायरला कुठून?"

"माझ्या मांडीवर बसतो तो. मांडीवरच्या लेकराला तिकीट घेता का तुमी?"

लोक हसायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "बसू द्या मास्तर, लेकरू लहान हाय." कंडक्टरही हसला आणि बाजूला झाला. मी हाक मारली, पण त्या गोंगाटात ती पोचली नाही. खिडकीतून मला त्या दिसल्या. टायर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा होते. मॅडमनी त्यांचा हात धरून त्यांचा अंगठा टायरच्या खाचेत घातला होता आणि काहीतरी समजावत होत्या. आजोबा मान डोलावत होते. गाडी सुटली, तरी त्यांनी अंगठा काढला नव्हता.